कुनी धुतली चटई?

बापू, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि आज सकाळी मी तुमची चटई पुसली. हात लावायच्या आधी पाय धुतले, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर जिथं असाल तिथून विचाराल, "खुरं धुतलीस का रं?" आमच्या पायांना तुम्ही कधी पाय म्हटलंच नाहीत. पाय फक्त मारुतीला, आम्हा सगळ्यांना खुरं.

फडकं इतकं पिळलं की त्यात पुसायलाही ओल उरली नाही. परत भिजवलं, परत पिळलं. मग लव्हाळ्याच्या काडीच्या लांबीनं उभं पुसलं, आडवं नाही. पुसून ती ओसरीच्या सावलीत भिंतीला टेकवून उभी केलीय. ती वाळतेय आणि मी शेजारी बसून हे लिहितोय. सहा यत्ता शिकलो त्याचा हाच काय तो उपयोग. तुम्हाला वाचता येत नव्हतं, ते ठाऊक आहे मला. पण बोलायचं तेव्हा मी बोललो नाही, म्हणून आता कागद.

काय बोललो नाही? एक चूक मी केली, ती तुमच्या कारभारणीच्या, काकीच्या, नावावर ढकलली, आणि तुम्ही जाईपर्यंत गप्प बसलो. घ्या. एका दमात सांगितलं. आता सावकाश सांगतो. तुम्हीच म्हणायचात ना, आधी मान मोकळी कर, मग कंबर.

पहिल्यांदा मी तुमच्याकडे शिकायला आलोच नव्हतो. तुमचा आवाज उचलायला आलो होतो. चौदा वर्षांचा होतो आणि सगळं कर्जत माझ्या घशात होतं. ठेसनावरचा गार्डसाहेब, घाटात गाडीला मागून रेटणारं इंजिन, शिंक आली की पाढा विसरणारे आमचे मास्तर. एक तुम्हीच राहिला होतात. रेल्वेतली सांधे बदलायची नोकरी सोडून सकाळी मारुतीच्या मंडपात धोतर खोचून उलटे उभे राहणारे बापू. लोक म्हणायचे, जन्मभर गाड्यांची वाट बदलली, आता स्वतःचीच बदललीय, डोकं खाली पाय वर. खालापूरला कोण एक गोसावी पावसाळ्याचे चार महिने राहिला होता, त्यानं तुम्हाला हे दिलं. त्याचं नाव विचारलं तर म्हणालात, "त्याला नव्हतं."

चार दिवसांत तुमचा श्वास मला जमला. पाणी भरायला नळाखाली उभ्या राहिलेल्या इंजिनासारखा, आधी फुस्स, मग लांबच लांब. पाचव्या दिवशी मंडपामागं पोरांना करून दाखवत होतो. पोरं हसता हसता एकदम गप्प झाली. मागं तुम्ही उभे.

मला वाटलं, आता कान जातो. तुम्ही म्हणालात, "बरा काढलास. पन दम घेताना मी पोट आत नाय नेत, भायेर सोडतो. चुकीचा काढू नको. परत काढ."

परत काढला. "आता भरोबर. पन शेवट तोडलास. मी तोडत नाय. परत." असं करत करत महिनाभर तुम्ही माझ्याकडून तुमची नक्कल सुधारून घेतलीत, आणि मला कळायच्या आत मी शिकून बसलो होतो. असा लबाड गुरू मी दुसरा पाहिला नाही. तुमचं सोंग पुरं करायच्या नादात माझा दमा गेला, बापू. आईनं मारुतीला नारळ फोडला. तुम्हाला काय दिलं? काही नाही. तुम्ही घेतलंही नसतं म्हणा, पण निदान आभार मानायचे होते. तेही तुमच्याच आवाजात मानले होते एकदा, पोरं हसली होती, तेवढंच.

पण मला चटईवर उभं राहू द्यायला तुम्ही वर्ष लावलंत. "चटई ज्याची त्यानं इनायची." दसरा झाला की आम्हा पोरांना घेऊन नदीकाठी जायचं, उल्हासच्या ओल्या काठावरचा लव्हाळा कापायचा, सावलीत वाळवायचा, चार खुंट्यांना सुतळी ताणून विणायचा. माझी पहिली चटई एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला चिंचोळी झाली, जत्रेतल्या पिपाणीसारखी. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत. "असू दे. तू बी तसाच हायस. तोंडाकडं मोठा."

आणि मग तुमचे नियम. देवाला नसतील एवढे लाड त्या गवताचे. घाम पुसल्याशिवाय ती गुंडाळायची नाही. घडी तर कधीच घालायची नाही, काडी मोडते. गुंडाळताना अंगाची बाजू आत. आत कडुलिंबाची चार पानं, किड्याला. उन्हात टाकायची नाही, सावलीच्या वाऱ्यात उभी करायची. पावसाळ्यात आपल्याकडं माणसाला बुरशी येते तर चटईचं काय, म्हणून ते चार महिने रोज वापर झाला की चुलीवरच्या माळ्यावर, धुरात. तेलाचा डाग पडला तर सुकी राख चोळून झटकायची. आणि सगळ्यात मोठा नियम, दुसऱ्याच्या चटईला फडकं लावायचं नाही. "ज्याची चटई त्यानंच पुसायची रं."

मी विचारलं होतं, का? तर तुम्ही माझी चटई उजेडात धरलीत. "ह्ये बघ. हितं घाम जास्ती, हितं कमी. डावा खांदा टेकत नाय तुजा. टाच बी येकच घासतीया. तूच पुसलीस तर तुला कळंल. म्या पुसली तर मला कळंल. मला कळून काय उपेग?"

तुमची चटई बारा पावसाळे टिकली होती. तिच्यावर दोन टाचांचे, दोन तळहातांचे आणि मधोमध डोक्याचा असे काळसर, गुळगुळीत ठसे होते. रिकामी पसरली तरी कोणीतरी तिच्यावर आहे असं वाटायचं. पोरं तिला वळसा घालून जायची.

आपला वाद आठवतो? मी म्हणायचो, बापू, रोज मळते तर रोज कशाला पुसायची? आठ दिवसांनी एकदाच रिठे घालून खसाखसा धुवू, चकाचक. तुम्ही म्हणालात, "मग रोज जेवतोस कशाला? आठ दिसांनी येकदाच जेव की, खसाखसा." मी म्हटलं, जेवणाचं वेगळं. तुम्ही म्हणालात, "काय येगळं?" मी म्हटलं, सांगतो उद्या. ते उद्या काही आलं नाही. पाच वर्षं आपण तिथंच अडकलो होतो. मंडपातून उठताना रोज एकदा तुम्ही, "सांगतोस का रं उद्याचं?" आणि मी, "शोधतोय, शोधतोय."

तर ह्या श्रावणात तुम्ही अंथरूण धरलंत. डोळ्यांत मोतीबिंदू होताच, त्यात ताप. मंडप बंद पडला. पंधरा दिवस तुमची चटई पडवीत कोपऱ्यात गुंडाळलेली पडून होती. माळ्यावर टाकायची कोणाच्या लक्षातच आलं नाही. काकीला तुमचं करता करता दिवस पुरत नव्हता, आणि मी रोज येत होतो ते तुम्हाला हसवायला. भादव्यात एकदा आलो तेव्हा तिला वास येत होता. उघडून बघितली तर पांढरी बुरशी, डोक्याच्या ठशावर केसासारखी उगवलेली.

मला वाटलं, हीच संधी. बापू बरे होऊन उठतील तेव्हा चटई नव्यासारखी. आणि खरं सांगू? वादही जिंकायचा होता मला. एकदाच धुतली, बघा कशी झाली, असं म्हणायचं होतं.

मागच्या विहिरीवर नेली. रिठ्यांचा फेस केला, नारळाच्या काथ्यानं घासली. उभी घासली, आडवी घासली, उलटी घासली. काळं पाणी निघत होतं आणि मला आनंद होत होता. मग कातळावर टाकली, भादव्याच्या उन्हात, संध्याकाळपर्यंत. तुमचे सगळे नियम मला तोंडपाठ होते, तुमच्या आवाजासकट म्हणून दाखवायचो. हाताला मात्र एकही ठाऊक नव्हता.

संध्याकाळी उचलली तर पापडासारखी. गुंडाळायला गेलो आणि कट, कट, कट. काड्या मोडत होत्या. पसरून बघितलं तर पांढरीफेक, आणि तिच्यावर कोणीच नाही. ना टाचा, ना तळवे, ना डोकं. बारा पावसाळ्यांचे बापू मी एका दुपारी विहिरीच्या मोरीतून सोडून दिले होते.

तरी निर्लज्जासारखी आणून दुसऱ्या दिवशी तुमच्या खाटेशेजारी ठेवली. काकी पाण्याला गेली होती. तुम्हाला झोप लागलीय असं समजून मी पाय न वाजवता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात तुमचा हात खाली आला. बोटं चटईवरून फिरली. एकदा इकडून, एकदा तिकडून. मोडलेल्या काडीवर थांबली. मग डोकं असायचं तिथं आली आणि तिथंच राहिली.

"कुनी धुतली चटई?"

बापू, त्या वेळी मी तुमच्यापासून सात-आठ पावलांवर होतो. एक 'मी' म्हणायचं होतं. घशातून जे निघालं ते काकीचं निघालं. बांगड्यांसकट. जिभेनं बांगड्या कशा वाजवायच्या ते मला येतं, तुम्हीच एकदा शाबासकी दिली होतीत. "म्या धुतली. वास मारत व्हती."

मग म्हणालात, "बरं." एवढंच. मी मागच्या दारानं पळालो.

दोन दिवसांनी आलो तर काकी तुम्हाला पेज भरवत होती आणि तुम्ही तोंड फिरवलंत. ती म्हणाली, "घ्या की वो दोन घोट." तुम्ही भिंतीकडंच. मला वाटलं, चटईचा राग काकीवर निघतोय. जिनं चाळीस वर्षांत त्या चटईवर कधी पाऊल ठेवलं नाही, तिच्यावर. आता सांगतो, असं ठरवून खाटेपाशी आलो, आणि तुम्हाला गार्डसाहेबाची नक्कल करून दाखवली. तुम्ही हसलात. हसलात म्हणून मी सांगायचं उद्यावर टाकलं. उद्या पुन्हा इंजिन. परवा पुन्हा मास्तर. माझ्याकडं कर्जतचे सगळे आवाज होते, आणि रोज एक खर्च करून मी तेवढं एक वाक्य चुकवत होतो.

मग मामाचा निरोप आला, कडावला हळवं, लवकर पिकणारं भात कापायला आलंय, हात कमी पडतायत. मी गेलो. आनंदानं गेलो, खोटं कशाला बोलू. चार दिवसांचे आठ केले. नवव्या दिवशी सकाळी बांधावर माणूस येऊन उभा राहिला, आणि त्यानं तोंड उघडायच्या आधीच मी विळा खाली ठेवला.

तुम्हाला जमिनीवर घेतलं होतं. हात बाजूला, तळवे वर, पाय थोडे सुटे. मंडपात शेवटी आम्हाला निजवायचात तसे. गर्दीत उभ्या उभ्या माझ्या घशात तुमचा आवाज आला, जसाच्या तसा, "आता हळूहळू बोटं हलवा. सावकाश कूस वळा." दात आवळून तो आतच धरला. निघाला असता तर काय झालं असतं, बापू? काकीनं वळून बघितलं असतं.

तेरावं झाल्यावर परवा काकीनं बोलावलं. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण गावाच्या शिवेबाहेर टाकायचं असतं, ते पहिल्याच दिवशी टाकलं होतं. मला वाटलं, चटईही त्यातच गेली. एका अर्थी सुटलो असंही वाटलं. आत गेलो तर ती चुलीपाशी बसलेली. भाकरी थापत होती, पण थापण्याला नुसता पिठाचा आवाज होता. बांगड्यांचा नव्हता. मी आयुष्यात इतके आवाज ऐकले, एखादा आवाज नसल्याचं कधी ऐकलं नव्हतं. तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि सगळं ओकलो. विहीर, रिठे, ऊन, दार, तिचा आवाज. म्हटलं, "काकी, माझ्यामुळं बापू तुझ्यावर रागावून गेले."

तिनं भाकरी उलटली. "ते मला म्हायती हाय."

"रागावलेले?"

"न्हाय रं. तू धुतलीस त्ये." मग माझ्याकडं वळली. "मी हिरीवरनं आले तर हे येकटेच हसत व्हते. खोकला लागंस्तवर हसले. मला म्हनले, 'ऐकलंस का गं, तू आज चूक कबूल केलीस.' म्हनलं, कसली चूक? म्हनले, 'हां, आता तूच हायस. चाळीस वर्सांत येकदा तरी म्हनलीस का, म्या केलं म्हनून? पोरानं आवाज झ्याक काढला, बांगड्या बी वाजवल्या. पन तू असतीस तर आदी माज्या अंगावर आली असतीस, चटई सडली तरी तुमाला काय त्येचं, म्हनून.'"

मी म्हटलं, "मग पेजेला तोंड का फिरवलं?"

"मीठ नव्हतं तिच्यात! वैद्यानं मीठ तोडलं व्हतं. तोंड फिरवनार न्हाय तर काय नाचनार?"

आम्ही दोघं हसलो, बापू. तुम्ही गेल्यापासून तुमच्या घरात पहिल्यांदा. मग ती डोळ्याला पदर लावून बसली आणि मी तव्यावरची भाकरी करपू दिली.

नंतर मी विचारलं, "मग मला बोलले का नाहीत? दोन कानाखाली तरी द्यायच्या."

"म्या बी त्येच म्हनलं. बोलवा त्येला आन खडसावा. तर म्हनले, 'नको. त्येची चटई हाय ती. त्येला पुसू दे.'" पुढं म्हणाली, "मग रोज सकाळी इचारायचे, आला का गं? म्या म्हनायची, कडावला गेलाय. तर म्हनायचे, 'येईल. भात झालं का येईल.'"

मग ती उठली, चुलीवरच्या माळ्यावर हात घातला आणि चटई काढली. गुंडाळलेली, अंगाची बाजू आत. "लोक म्हनत व्हते ही बी टाका शिवंभायेर. म्हनलं, हातरून न्या, घोंगडी न्या. हिच्यात पोराची चूक हाय, ती कशी टाकू? ती तो येऊन नेईल." माझ्या हातात देताना एवढंच म्हणाली, "आता माजा आवाज काढू नगस हां. मला येतो माजा."

काल संध्याकाळी नदीवर जाऊन लव्हाळा कापून आणलाय. वाळायला आठवडा लागेल, सावलीत. मग मोडलेल्या काड्या एकेक काढून तिथं नव्या घालीन. जुन्या पांढऱ्यात नवीन पिवळी दिसेल, ठिगळासारखी, दिसू दे. ठसे काही परत यायचे नाहीत, ते मला कळलंय. मी तिच्यावर उभा राहणार नाही, माझी पिपाणी आहे. ही फक्त रोज पुसणार. रोजची रोज. आपला वाद मिटला असं मात्र समजू नका. मिटला तर तुमच्याशी भांडायला काय उरलं? उद्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

मंडपात पोरं पुन्हा जमायला लागलीत. आज मला म्हणाली, "तूच सांग आसनं, बापूंच्या आवाजात सांग ना." येतोय मला तो, अजून येतोय, शेवट न तोडता. पण नाही काढला. माझ्याच आवाजात म्हणालो, "पाय धुवून या." जरा चिरका आवाज आहे माझा, बापू. पोरं हसली. मग पाय धुवून आली.

ओसरीवरची सावली सरकलीय. चटईच्या कोपऱ्यावर ऊन येईल आता, उठून हलवायला हवी. त्या दुपारी तुम्ही विचारलं होतंत, आणि नंतर रोज सकाळी दाराकडं कान लावून वाट बघितलीत, त्याचं उत्तर देतो आणि उठतो.

बापू, चटई मी धुतली.